डब्लिन, गावापेक्षा दीड तास लांब

मी अंदाज सांगत नाही, तास सांगते. साड्यांना लेस लावायचं काम घरी बसून वीस वर्षं केलंय. साधी साडी पंचवीस मिनिटं, नक्षीची किनार असली तर चाळीस, आणि समोर कोणी गप्पा मारत बसलं तर त्याची दहा मिनिटं वेगळी. माल न्यायला येणाऱ्याला 'सहाला ये' म्हटलं की सहाला घड्या घातलेला गठ्ठा दारात तयार असतो. सुरतेत आमच्या डिंडोलीच्या सोसायटीत बायकांना गावी जायचं असलं की त्या मोबाईल उघडण्याआधी माझं दार वाजवतात. उधन्याहून कुठली गाडी धरली तर अमळनेरला किती वाजता, पुढे काळीपिवळी मिळेल का, डबा सोबत घ्यायचा की घरी पोचून गरम खायला मिळेल, हे सगळं मी भाजी निवडता निवडता सांगते. गाड्यांचं माझं गणित चुकलेलं सोसायटीत कोणाला आठवत नाही. एकदा मात्र गणित चुकलं, ते घरचे आजही मला ऐकवतात.

मला मुलगी एकच. सुरतेतच नर्सिंग शिकली, इथल्या एका दवाखान्यात तीन वर्षं राबली आणि मग डब्लिनला गेली. ते आयर्लंडात आहे. पहिले सहा महिने मी लोकांना 'लंडनच्या बाजूला' असंच सांगायचे, कारण आयर्लंड म्हटलं की समोरची बाई आणखी तीन प्रश्न विचारते. ती गेली त्याच आठवड्यात मी फोनवर एक साइट शोधून काढली. तिच्यात दोन शहरांची नावं टाकायची, मधे एक रेघ उमटते आणि खाली लिहून येतं, अंतर इतकं, विमानाला वेळ इतका. मी सुरत टाकलं, डब्लिन टाकलं. सात हजार चारशे किलोमीटर आणि वर थोडे. वेळ साडेनऊ तास.

मी ते दोनदा वाचलं. आमचं गाव अमळनेरच्या पुढे बरंच आत आहे. इथल्या दारातून निघून गावच्या उंबऱ्यावर पाय ठेवीपर्यंत आठ तास जातातच. म्हणजे डब्लिन आमच्या गावापेक्षा फक्त दीड तास लांब होतं. पोरगी गेल्यापासून पहिल्यांदा त्या दिवशी मी नीट जेवले. मग जी भेटेल तिला सांगायला लागले, "काही नाही गं, गावापेक्षा दीड तास जास्त." भेस्तानला राहणारी माझी जाऊ म्हणाली, "मग तर शनिवार-रविवार येऊन जाईल." तिच्या बोलण्यात खोच होती, ती मला कळली. मी तिच्याकडे दुर्लक्ष केलं, कारण माझ्याकडे आकडा होता.

ही गोष्ट दोन वर्षांपूर्वीच्या श्रावणातली. खानदेशातल्या घरात श्रावण म्हणजे कानबाई. नागपंचमी झाली की पुढच्या रविवारी कानबाई बसते आणि सोमवारी तिला निरोप देतात. नारळाला डोळे, नथ, मंगळसूत्र घालून तिला चौरंगावर बसवायचं, आणि त्या दिवसापुरतं सगळे भाऊबंद एका छपराखाली आणायचे. आम्ही सुरतेत तीस-पस्तीस वर्षं काढली तरी यात फरक पडलेला नाही. तिच्या नैवेद्याला रोट म्हणतात. त्यासाठीचा गहू नावाने मोजतात. घरात जितके पुरुष, तितक्या मुठी, प्रत्येकी सव्वा. आधी नावाच्या मुठी सुपात पडतात, मग पुरेल एवढा गहू वरून ओततात आणि सगळं एकत्र दळून आणतात. त्या पिठाची पोळी फक्त घरच्यांनी खायची. शेजाऱ्याला नाही, गाईला नाही, लग्न होऊन गेलेल्या लेकीलासुद्धा नाही. आणि राखीच्या पौर्णिमेला चंद्र दिसायच्या आत शेवटची चिमूट संपली पाहिजे.

आमच्याकडे चार मुठी पडायच्या. माझा नवरा, दीर आणि दिराचे दोन मुलगे. सुना रोट खातात, पण मोजल्या जात नाहीत. लग्न न झालेल्या मुलीही खातात, त्याही मोजल्या जात नाहीत. इतकी वर्षं मी ते सूप धरून बसत आले आणि माझ्या पोटचं त्यात काहीच नसायचं. मी बोलले कधी नाही, पण दर वर्षी मला ते लागायचं.

त्या साली पोरीने दहा दिवसांची रजा मिळवली. शुक्रवारी संध्याकाळी तिकडून निघणार होती, म्हणजे रविवारी कानबाईपुढे घरात. गुरुवारी सकाळी आम्ही गहू मोजायला बसलो. सूप माझ्या मांडीवर, गव्हाचं पातेलं सासूबाईंसमोर. सासूबाई अहिराणीच बोलतात. मी इथे त्यांचं बोलणं बहुतेक सरळ मराठीत सांगते, दोन-चार वाक्यं मात्र त्यांच्या तोंडची तशीच ठेवते. त्यांनी एकेकाचं नाव घेत चार मुठी टाकल्या. त्या हात झटकणार तोच मी पातेल्यात हात घातला, मूठ भरली, वर चिमूटभर घेतलं आणि पोरीचं नाव घेऊन सुपात सोडलं.

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. रागावल्या की त्या आधी पदर नीट करतात. तो त्यांनी केला.

"पोरीची मूठ कोणी घेतलीय आजवर?"

"मी घेतली. आत्ता."

"उद्या लग्न होऊन परक्या घरी जाईल."

"जाईल तेव्हा काढू. आज ती या घरची आहे. आणि आई, या चौघांतला एक तरी इथल्या बमरोलीच्या पुढे कमवायला गेलाय का? ती समुद्रापार जाऊन उभी आहे. तिची नाही मोजायची तर कोणाची मोजायची?"

जाऊ तिथेच बसली होती, तिला हे झोंबलं. झोंबू दे म्हटलं. सासूबाई सुपातल्या गव्हाकडे बघत होत्या. पाच मुठी एकमेकींत मिसळून गेल्या होत्या, कुठली कोणाची ते सांगता आलं नसतं.

"मोजेल मूठ माघारी जास नही," त्या म्हणाल्या. "जिना नावनी मूठ, तिनीच खावानी. येईल ना ती?"

"येणार म्हणजे काय. साडेनऊ तासांचा प्रवास. तुम्ही गावाहून येता त्याच्यापेक्षा दीड तास जास्त."

"आणि नाही आली तर?"

"तर काय?"

"तर पुन्हा या घरात पोरीच्या नावाने सुपात हात घालायचा नाही. मी आहे तोवर नाही आणि मी गेल्यावरही नाही."

मी हो म्हटलं. मला त्यात अवघड काहीच दिसलं नाही.

शुक्रवारी दळण आणलं. कानबाईच्या आठवड्यात आमच्याकडची चक्की धुऊन पुसून ठेवतात आणि बायकांची रांग कोपऱ्यापर्यंत जाते. मी दीड तास धरला होता, एक तास वीस मिनिटांत परतले. डबा अजून गरम होता. तो मी देवाखाली ठेवला आणि हात पुसते तोच फोन वाजला.

"मम्मी, रागावू नको," पोरगी म्हणाली.

तिच्या वॉर्डातल्या दोघी एकदम आजारी पडल्या होत्या. तिच्या जागी उभं राहायला बदली माणूस नव्हतं. मंगळवारपर्यंत ड्यूटी करावी लागणार होती. रजा पाच दिवसांची राहिली होती आणि तिकीट बुधवार सकाळचं करून घेतलं होतं. रविवारची कानबाई तिच्या हातून गेली होती.

मी पटकन बोटं मोजली. पौर्णिमा गुरुवारी. "बुधवारी सकाळी निघालीस, साडेनऊ तास, म्हणजे बुधवारी रात्री तू घरात. चालेल. रोट पौर्णिमेपर्यंत असतो."

पलीकडे ती हसली. "साडेनऊ तास कुणी सांगितले तुला?"

मी साइटचं सांगितलं. "अगं, ते सरळ रेघेचं अंतर आहे. डब्लिनहून सुरतला येणारं विमानच नाही. कुणीतरी सरळ उडालं तर किती वेळ लागेल, ते ते सांगतात. मला इथून आधी आखातात जायचं, तिथे पाच तास बसायचं, मग मुंबई, मग गाडी. घरातून घरात सत्तावीस तास धर."

सत्तावीस. गेलं दीड वर्ष मी अख्ख्या सोसायटीला एका नसलेल्या विमानाचा वेळ सांगत होते, आणि त्याच्याच भरवशावर सासूबाईंना शब्द देऊन बसले होते. मला स्वतःचा असा राग आला की मी पोरीवरच ओरडले, "मग तू आधी का नाही सांगितलंस?" ती बिचारी म्हणाली, "तू आधी कधी विचारलंसच नाही, सांगतच सुटलीस." खरं होतं ते, म्हणून जास्त लागलं.

तरी मी हरणारी नाही. आयर्लंडात सकाळचे सात म्हणजे आपल्याकडे साडेअकरा, त्यात सत्तावीस मिळवले तर गुरुवारी दुपारी अडीच. चंद्र सातच्या सुमाराला. हातात साडेचार तास उरत होते. उधन्याच्या गाडीला मी यापेक्षा कमी वेळात लोकांना पोचवलंय.

सासूबाईंना सांगायला मात्र पाय उचलेना. त्या ओट्याजवळ डाळ निवडत होत्या. मी एका दमात सांगून टाकलं, आजारी पडलेल्या दोघी, बुधवारचं तिकीट, सत्तावीस तास, सगळं. मला वाटलं, आता त्या पदर नीट करणार. त्यांनी केला नाही. डाळीतला हात तसाच राहिला.

"बदली माणूस नही?" त्यांनी विचारलं.

"नाही मिळालं."

मग त्यांनी जे सांगितलं ते मी लग्न होऊन आल्यापासून कधी ऐकलं नव्हतं. मामंजी आणि त्या पहिल्यांदा सुरतेला आले त्या सालचं. मामंजी बमरोलीला लूमवर लागले होते, बारा-बारा तासांची पाळी. गावाला त्यांच्या आईने कानबाईचा गहू मोजला तेव्हा त्यांच्या नावाची मूठ घेतली, कारण मुलाने निरोप पाठवला होता, येतो म्हणून. इकडे शनिवारी दुसऱ्या पाळीचा माणूस आलाच नाही. शेठने सांगितलं, बदली मिळाल्याशिवाय मशीन सोडायचं नाही. मामंजींनी रविवारी वाट पाहिली, सोमवारी पाहिली, पौर्णिमा निघून गेली.

"गाडी होती," सासूबाई म्हणाल्या. "तेव्हा दहा तास लागायचे. दहा तर दहा. पण माणूस मशीनपासून सुटलाच नाही, तर मग किती तास धरायचे, सांग."

तास सांगणारी मी, त्यांच्यासमोर बसून डाळीतले खडे वेचायला लागले.

"मग त्या मुठीचं काय झालं?" मी विचारलं.

त्या डाळ उचलून आत गेल्या.

रविवारी कानबाई बसली. भेस्तानहून दीर, जाऊ, पुतणे आले. खापरावरच्या पुरणपोळ्या झाल्या, रस्सा, भजी, खीर, सगळं साग्रसंगीत झालं. सोमवारी वाजतगाजत तळ्यावर नेऊन कानबाईला निरोप दिला. आणि त्या दिवसापासून आमच्या घरात एक नवीनच कारभार सुरू झाला. पिठाच्या डब्याला सासूबाईंनी फडकं बांधलं आणि डबा आपल्या खाटेखाली घेतला.

पीठ एकत्र दळलेलं, त्यातलं पोरीचं वेगळं काढायची सोय नाही. मग त्यांनी ठरवलं की डब्यातलं शेवटचं राहील ते तिचं. रोज सकाळी त्या स्वतः पीठ मोजून परातीत टाकत. माझ्या नवऱ्याला पुरणपोळी समोर दिसली की तो तिसरीनंतर मोजायचं सोडून देतो. मंगळवारी त्याने ताट पुढे केलं, "अजून एक वाढ." मी हात उचलायच्या आत सासूबाई आतून म्हणाल्या, "पुरे झालं. पोर येणारेय." पन्नाशी ओलांडलेला माणूस, लूमवर चाळीस जणांवर मास्तर, निमूट हात धुवायला उठला. मला हसू आलं, पण मी तोंड फिरवून हसले.

मला तेव्हा एक गोष्ट कळेना. पोरगी आली नाही तर म्हातारी जिंकणार होती. तिचाच शब्द खरा होणार होता. तरी पीठ राखायला माझ्यापेक्षा जास्त तीच धडपडत होती.

बुधवारी साडेअकराला पोरीचा मेसेज आला, निघाले. मी साड्यांचा गठ्ठा पुढ्यात घेतला, पण सुई चालेना. फोनवर विमान दिसतं म्हणून पुतण्याने एक ॲप टाकून दिलं होतं. त्यात ते इवलंसं विमान वाकड्या रेघेवरून सरकत होतं. सरळ रेघ कुठेच नव्हती. साइटवाल्यांना कोणीतरी हे सांगायला हवं, असं मला फार वाटलं. दर तासाने सासूबाई विचारत, "कोठे शे आते?" मी नकाशातलं नाव वाचायची, त्या मान हलवायच्या. ती नावं आम्हा दोघींनाही ठाऊक नव्हती. पण मान हलवली की त्यांना जरा बरं वाटत असावं.

गुरुवारी सकाळी मुंबईहून फोन आला. "उतरले. बॅग मिळाली. आता गाडी पकडते." मी माझं गणित परत मांडलं, ते अडीचवरच येत होतं. मी पुरण शिजत घातलं. राखी बांधून घ्यायला भेस्तानचे दोघे पुतणे येऊन बसले. बारा वाजले, एक वाजला. सव्वाला तिचा मेसेज, गाडी मधेच उभी आहे, पुढे काही काम चाललंय म्हणतात. दोन वाजले तरी गाडी तिथेच. अडीच वाजून गेले. माझं सत्तावीस तासांचं गणितही गेलं.

खरं सांगते, तीन ते पाच हे दोन तास मी आयुष्यात विसरणार नाही. पोरगी सुखरूप होती, हातात फोन होता, ती सुरतेपासून तासा-दीड तासावर बसली होती. भीती तिची नव्हतीच. भीती त्या एका मुठीची होती. ती चुकली तर माझ्या लेकीला या घरात पुन्हा कोणी मोजणार नव्हतं, आणि ते माझ्या फुशारकीने झालं असतं. जाऊ समोर बसून वाती वळत होती. ती एक शब्द बोलली नाही, याबद्दल मी तिची अजून आभारी आहे.

पाचला सासूबाई उठल्या. फडकं सोडलं, डबा परातीवर उपडा केला आणि तळाला बोटांनी खरवडून शेवटचं पीठ काढलं. एक पोळी होईल, फार तर दीड, एवढं निघालं.

"अजून आली नाही, आई," मी म्हटलं.

"मळून तर ठेव. कणीक भिजायला वेळ नको का?"

पावणेसहाला खाली रिक्षा थांबली. पोरगी जिना चढून आली ती बॅग दारातच टाकून. डोळे लाल, केस विस्कटलेले, पायातले बूट काढायचंही भान नव्हतं. मी तिला कवटाळायला पुढे झाले, तर सासूबाईंनी मधेच तिचा हात धरला आणि थेट मोरीकडे नेलं. "आधी हातपाय धू. गळ्यात पडणं नंतर."

खापर तापलेलंच होतं. मी पोळी हातावर मोठी केली, टाकली. आमच्याकडे पोळी हातांवरच फिरवून मोठी करतात. त्या दिवशीच्या घाईतही ती फाटली नाही, याचं मला अजून नवल वाटतं. पोरगी पाटावर बसली. वर तूप, बाजूला दूध. तिने पहिला घास घेतला आणि डोळे मिटले. तिला खाताखाताच झोप येत होती. अर्ध्यावर तिने एक तुकडा तोडून आजीपुढे धरला, "आजी, तू घे." सासूबाईंनी तिचा हात मागे सारला. "तुझी आहे. सगळी खा." आणि ती शेवटचा घास खाईपर्यंत त्या तिच्यासमोरून हलल्या नाहीत. बाहेर अजून उजेड होता.

मग राख्या झाल्या, पोरगी आहे तशी आडवी झाली आणि घोरायला लागली. मी भांडी काढली. पिठाचा डबा मात्र सासूबाईंनी मला घासू दिला नाही. त्या मोरीशी बसून स्वतः घासत होत्या. घासता घासता, माझ्याकडे न बघता म्हणाल्या,

"त्या साली माझ्या सासूने यांचा वाटा एकटीने खाल्ला. चार दिवस. तिला दात नव्हते. दुधात कुस्करून, एक एक घास. दिवाळीला आम्ही गेलो तेव्हा मला शेजारणीने सांगितलं. आणि गावात कोणी विचारलं, पोरगा आला का कानबाईला, तर म्हणायची, आला ना, खाऊन गेला."

त्यांनी डबा पालथा घातला. "मला ते तुझ्या नशिबी नको होतं. म्हणून मूठ नको म्हणत होते."

मी त्यांच्या हातावर पाणी ओतलं.

दोन दिवसांनी पोरगी गेली. जाताना मी तिला सांगितलं की आता कोणी विचारलं तर मी सत्तावीस नाही, तीस तास सांगणार, आणि त्यावर 'वॉर्डाने सोडलं तर' हे जोडणार. सोसायटीतही मी तसंच सांगितलं. दोन-तीन जणी हसल्या. हसू दे. चुकलं ते चुकलं म्हणायला मला लाज वाटत नाही, आणि गाड्यांच्या वेळा विचारायला त्या अजूनही माझ्याकडेच येतात.

मागच्या श्रावणात तिला रजा मिळाली नाही. तिने मे महिन्यातच सांगून टाकलं होतं, मम्मी, या वर्षी धरू नकोस. मी धरलं नाही. गुरुवारी गहू मोजायला बसलो तेव्हा सूप माझ्या मांडीवर होतं आणि मी मनाशी ठरवलं होतं की तोंडातून शब्द काढायचा नाही. शब्द दिला की तो पाळायला माणूस यावं लागतं, आणि माणूस येणार नव्हतं. सासूबाईंनी नावं घेत चार मुठी टाकल्या. मी सूप उचलायला लागले.

"थांब," त्या म्हणाल्या. "पोरनी मूठ राहिनी."

"आई, ती येत नाहीये या साली. मी सांगितलं होतं तुम्हाला."

"माहीत आहे मला."

"मग? तुमचाच नियम. जिच्या नावाची मूठ, तिनेच खायची."

त्यांनी पातेल्यात हात घातला. मूठ चांगली घट्ट भरली, वर चिमूट घेतली, माझ्या लेकीचं नाव घेतलं आणि गहू सुपात सोडला. मग हात झटकत माझ्याकडे बघून म्हणाल्या,

"दात शेतस ना माले आजून."